ग्रीक मडक्यांवरून केलेले प्रिंट: "लिमिटेड" सोडा, ठसा कशाचा ते विचारा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकचे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात डिसेंबर २०२३ पासून प्राचीन शिल्पांचं जे मोठं प्रदर्शन होतं ते बघून आलात आणि तेव्हापासून ग्रीक गोष्टींचं खूळ डोक्यात बसलंय. आता युरोपातल्या एका ऑनलाइन दुकानात काळ्या-नारिंगी रंगातला एक प्रिंट दिसलाय, दोन योद्धे समोरासमोर बसून पटावर काहीतरी खेळतायत, खाली पेन्सिलने ३/२५० (म्हणजे २५० पैकी तिसरी प्रत) आणि सही, सोबत सर्टिफिकेट, किंमत साधारण ३५ हजार अधिक शिपिंग. तर घेऊ का, नंबर ३ म्हणजे चांगलाच ना, दहा वर्षांनी किंमत वाढेल का, आणि अजून कुणाकुणाचं काम बघावं.

आधी माझं सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. पुण्यात माझा छोटा प्रेस आहे, लिनो (लिनोलियमचा तुकडा कोरून घेतलेला ठसा) आणि एचिंग (तांब्याच्या प्लेटवर सुईने काढलेल्या रेघा ॲसिडने खोल करून घेतलेला ठसा) करतो, २२ वर्षं झाली. मी डीलर नाही, गॅलरीवाला नाही. पण ग्रीक मडक्यांवरून आजच्या कलाकारांनी केलेले प्रिंट जमवायचा नाद आहे, घरात सध्या ३१ आहेत आणि त्यातले ४ असे की आज फुकट दिले तरी घेणार नाही. त्यातल्या एकाची गोष्ट पुढे येईलच.

तुम्ही "लिमिटेड" ह्या शब्दावर अडकलाय असं मला वाटतं. अहो, लिमिटेड म्हणजे काय, कुणीही ठरवलं की २५० वर थांबायचं, झालं लिमिटेड. मी उद्या तुमच्या लग्नाच्या फोटोचे २५० इंकजेट काढले आणि खाली पेन्सिलने नंबर टाकले तरी ती लिमिटेड एडिशनच. विचारायचं असतं ते हे, की हा ठसा कशाचा आहे? कुणीतरी लिनो कोरलाय, तांब्याच्या प्लेटवर सुई चालवलीये, दगडावर चित्र काढलंय, की म्युझियमच्या साइटवरचा फोटो उतरवून थेट प्रिंटरला पाठवलाय? पहिल्या तिघांत कलाकाराने काहीतरी घडवलं आणि त्याचा ठसा तुमच्याकडे आला. शेवटच्यात तुमच्याकडे एक छान पोस्टर आलं. पोस्टरला माझा विरोध नाही, माझ्याच स्वयंपाकघरात एक आहे, पण पोस्टरला ३५ हजार देऊ नयेत.

आता तुमचा प्रिंट. न बघता सांगतो मूळ चित्र कुठलं ते. व्हॅटिकनच्या संग्रहात एक अँफोरा आहे, म्हणजे दोन कानांचा उभा घडा, एक्सेकियस नावाच्या अथेन्सच्या कुंभाराने इसवी सनापूर्वी ५४० ते ५३० च्या सुमाराला केलेला, सापडला मात्र इटलीत, वुल्चीला. त्यावर डावीकडे अकिलीस, उजवीकडे एजॅक्स, ट्रॉयच्या युद्धातून उसंत काढून पट मांडून बसलेत. अकिलीसच्या तोंडासमोर अक्षरं लिहिलीयेत "तेसारा", म्हणजे चार. एजॅक्सच्या तोंडासमोर "त्रिआ", म्हणजे तीन. बोलणं थेट तोंडातून बाहेर येतंय, आपल्या कॉमिक्समध्ये येतं तसं. अकिलीसच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे, एजॅक्सने आपलं काढून मागे ढालीवर ठेवलंय. आणि दोघांच्या अंगावरचे झगे, त्यावरची नक्षी बघाल तर पैठणीच्या पदराकडे बघितल्यासारखं होतं, चांदण्या, वेटोळी, पट्टे, सगळं सुईसारख्या टोकाने काळ्यातून खरवडून काढलेलं.

हे "खरवडून काढलेलं" जरा लक्षात ठेवा, कारण माझं बाकीचं सगळं उत्तर त्यावर उभं आहे.

ह्या पद्धतीला ब्लॅक-फिगर म्हणतात. आकृती आधी सपाट काळी भरायची, सावलीसारखी, आणि मग टोकदार हत्याराने आतल्या रेघा कोरायच्या, की खालची भाजलेल्या मातीची नारिंगी दिसते. तो काळा रंगही रंग नाहीये बरं का, तीच माती अतिशय बारीक करून, निवळून केलेलं पातळ लेपण आहे. भट्टीत आधी हवा खेळती ठेवतात, तेव्हा सगळं लाल होतं, मग हवा कोंडतात, धूर करतात, तेव्हा मातीतल्या लोहामुळे सगळं काळं होतं, आणि शेवटी परत हवा सोडतात. त्या शेवटच्या टप्प्यात उघडी माती परत लाल होते पण बारीक लेपण तोवर काचेसारखं घट्ट बसलेलं असतं, त्यात हवा शिरत नाही, ते काळंच राहतं. एकच माती, एकच भट्टी, आणि दोन रंग. मी आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना हे सांगतो तेव्हा निम्मी तोंडं उघडी राहतात. नंतर, इसवी सनापूर्वी ५३० ते ५२० च्या आसपास, अथेन्समध्येच उलटं सुरू झालं, पार्श्वभूमी काळी भरायची आणि आकृती मातीच्या रंगाची मोकळी सोडायची, आतल्या रेघा ब्रशने. हे रेड-फिगर. कोरण्याच्या जागी ब्रश आला, त्यामुळे स्नायू, बोटं, वळलेला पाय हे सगळं मोकळं व्हायला लागलं.

आता मी लिनोवाला, मला ह्यात काय दिसतं? ब्लॅक-फिगर आणि लिनोकट हे सख्खे भाऊ आहेत. लिनोत पण तेच, पृष्ठभाग काळा धरायचा आणि जिथे उजेड हवा तिथे कोरायचं. हातात गाउज, म्हणजे कोरायचं हत्यार, धरून काळ्यातून केसाइतकी रेघ काढताना जो श्वास रोखला जातो ना, तो एक्सेकियसचाही रोखला जात असणार. त्यामुळे ब्लॅक-फिगरवरून केलेला लिनोकट किंवा वुडकट (तेच, पण लाकडात कोरलेलं) दिसला की मी थांबून बघतो, कारण तिथे कलाकाराने नुसता विषय उचललेला नसतो, हाताची हालचालही उचललेली असते. रेड-फिगरवरून करायचं तर एचिंग आणि लिथोग्राफ (दगडावर काढलेल्या चित्राचा ठसा) जास्त जवळचे, कारण तिथे वाहती रेघ लागते. आणि सिल्कस्क्रीन (ताणलेल्या जाळीदार कापडातून शाई दाबून छापणं) मधे कुठेतरी, सपाट भरीव काळा त्याच्याइतका कुणालाच जमत नाही. हा नियम नाही हं, माझी आवड आहे, उलटं करून सुंदर काम केलेले लोक आहेत. पण नवीन माणसाला बघायला काहीतरी धागा लागतो, हा धागा मला आजवर उपयोगी पडलाय.

दुसरी गोष्ट गोलाईची. मडकं गोल असतं आणि कागद सपाट, वाचायला साधं आहे पण निम्मे प्रिंट इथेच मार खातात. त्या व्हॅटिकनच्या घड्यावर दोघांच्या वाकलेल्या पाठी घड्याच्या पोटाच्या बाकाबरोबर जातात, आणि खांद्यावरचे भाले वर तिरपे जाऊन नजर नेमकी कानांपाशी नेऊन सोडतात. म्हणजे चित्र घड्यासाठीच बेतलंय. तेच चित्र जसंच्या तसं चौकोनी कागदावर ठेवलं की भाले कुठेच जात नाहीत, हवेत लटकतात, पाठीच्या बाकाला कारण उरत नाही. चांगला कलाकार हे ओळखतो आणि काहीतरी करतो. कुणी घड्याचा आकारच कागदावर आणतो, कुणी चित्र उलगडून लांब पट्टी करतो, कुणी भाले मुद्दाम कागदाच्या काठापर्यंत ओढून कापून टाकतो. काहीही करा पण काहीतरी करा. काहीच केलं नसेल तर त्या माणसाने मडक्याकडे बघितलेलं नाही, फोटोकडे बघितलंय.

तिसरी गोष्ट एकदम धंद्यातली, ही तुम्हाला घरबसल्या तपासता येईल. लिनो, वुडकट, एचिंग, साधा लिथोग्राफ, ह्या सगळ्यांत छापताना चित्र आरशातल्यासारखं उलटतं. कलाकाराने मूळ जसंच्या तसं प्लेटवर काढलं तर कागदावर अकिलीस उजवीकडे जातो, अक्षरं उलटी होतात, ढाल उजव्या हातात जाते. त्यामुळे जाणता कलाकार आधीच उलटं काढतो, किंवा मुद्दाम उलटू देतो आणि त्याचा काही अर्थ लावतो. तुमच्या प्रिंटमध्ये "लिनोकट" लिहिलंय आणि अक्षरं, नक्षी, सगळं अगदी फोटोबरहुकूम सुलटं आणि वर घड्याच्या पोटावर दिव्याची चमक पण दिसतीये, असं असेल तर दाल में काला है. चमक कोण कोरणार हो लिनोत?

फोटोचं म्हणाल तर हल्ली ते फार सोपं झालंय. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्या संग्रहातल्या लाखो वस्तूंचे फोटो कुणालाही कशालाही वापरायला मोकळे केले, त्यात ग्रीक मडकी ढिगाने आहेत. चांगलीच गोष्ट झाली, मी स्वतः रोज वापरतो. पण त्यामुळेच ही दुकानं उगवली, फोटो घ्या, दोन रंगांत सपाट करा, जाड कागदावर इंकजेट काढा, त्याला "जिक्ले" असं फ्रेंच नाव द्या, नंबर टाका. एखादं चित्र कुठल्या मडक्यावरून घेतलंय हे शोधायचं असेल तर ऑक्सफर्डच्या बीझली अर्काइव्हचा मडक्यांचा डेटाबेस आहे, ऑनलाइन आहे, तिथे मूळ शोधा आणि शेजारी ठेवून बघा कलाकाराने काय बदललंय. मी प्रत्येक खरेदीआधी हे करतो, तासभर जातो, आणि खरं सांगायचं तर खरेदीपेक्षा ह्या तासातच जास्त मजा येते.

प्रिंट हातात आला की भिंग. १० पटीचं भिंग कुठल्याही घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे असतं. इंकजेटमध्ये रंगाच्या काठावर फवारल्यासारखे बारीक ठिपके दिसतात, ऑफसेटमध्ये, म्हणजे छापखान्यातल्या नेहमीच्या रंगीत छपाईत, ठिपक्यांची फुलं दिसतात. लिनोत शाईची कड दाबाने बाहेर सरकून जरा गडद झालेली असते आणि कागद मागून बोटाला किंचित उठलेला लागतो. एचिंगमध्ये चित्राभोवती प्लेटचा दाब बसलेला चौकोन असतो आणि रेघ कागदावर उंच उभी असते, तिरप्या उजेडात धरा म्हणजे दिसेल. सिल्कस्क्रीनमध्ये शाईचा थर सपाट, ठिपके नाहीत, काठ धारदार. लिथोग्राफ ओळखायला सगळ्यात अवघड, दगडाचा रवाळपणा दिसतो पण डोळा बसायला वेळ लागतो.

नंबराचं. ३/२५० मधला ३ म्हणजे चांगला, हा समज कुठून आलाय माहितीये का, ड्रायपॉइंटमधून. तिथे तांब्यावर सुईने ओरखडताना कडेला उठलेला धातू, म्हणजे बर, प्रत्येक ठशाला झिजतो म्हणून सुरुवातीचे ठसे खरंच जास्त मखमली असतात. लिनोत, सिल्कस्क्रीनमध्ये २५० पर्यंत काही फरक पडत नाही, आणि नंबर तरी कोण छापलेल्या क्रमाने टाकतं? आम्ही वाळत घातलेले कागद गोळा करतो, खराब बाजूला काढतो आणि जो वर येईल त्याला १. तेव्हा ३ साठी एक रुपया जास्त देऊ नका. ए/पी म्हणजे कलाकाराची स्वतःची प्रत, ती वेगळी असते, साधारण एडिशनच्या दहा टक्क्यांच्या आसपास असणं ठीक. २५० च्या एडिशनला ८० ए/पी दिसले तर समजायचं की एडिशन ३३० ची आहे.

आता माझी ती गोष्ट. २०११ साली मी एका ऑनलाइन दुकानातून एक प्रिंट घेतला, रेड-फिगर कायलिक्सवरचा, म्हणजे दारूच्या पसरट पेल्यावरचा प्रसंग, "एडिशन १००, परत छापला जाणार नाही". मी खूश. वर्षभराने त्यांच्याच साइटवर बघतो तर तोच ए-फोर आकारात १००, ए-टू आकारात ५०, कॅनव्हासवर कितीही, आणि वर "ब्लू एडिशन" म्हणून निळ्या रंगात अजून १००. मी विचारलं तर उत्तर आलं की तुमच्या आकाराचे शंभरच आहेत, आम्ही खोटं काय बोललो. बरोबरच होतं त्यांचं, कागदोपत्री. तेव्हापासून मी एकच प्रश्न लेखी विचारतो: सर्व आकार, सर्व रंग, सर्व कागद धरून ह्या चित्राच्या एकूण प्रती किती, आणि प्लेट किंवा स्क्रीनचं पुढे काय केलं. खरे प्रिंटमेकर ह्याचं उत्तर दोन ओळींत देतात, बरेचदा प्लेट रद्द केल्याचा म्हणजे त्यावर आडवी रेघ मारल्याचा ठसाही दाखवतात.

गंमत म्हणजे ग्रीकांकडेही एडिशनसारखं एक प्रकरण होतं. अथेन्सला दर चार वर्षांनी मोठे खेळ व्हायचे, जिंकणाऱ्याला ऑलिव्ह तेलाने भरलेले अँफोरे मिळायचे, एका बाजूला अथेना देवी, सोबत "अथेन्सच्या बक्षिसांपैकी" असं लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला तो खेळ. शेकड्यांनी करायचे. आणि बाकी सगळे रेड-फिगरकडे वळल्यावरही हे मात्र जुन्या ब्लॅक-फिगरमध्येच करत राहिले, परंपरा म्हणून. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर अजून तोच गणपती असतो तसंच.

सहीबद्दलही मडक्यांकडूनच शिका. एक्सेकियसने एका घड्यावर लिहिलंय, एक्सेकियसने मला काढलं आणि घडवलं. दोन क्रियापदं. कारण बरेचदा घडवणारा एक आणि चित्र काढणारा दुसरा असायचा आणि दोघं वेगळ्या सह्या करायचे. प्रिंटमध्ये अगदी हेच आहे, कलाकार प्लेट करतो, मास्टर प्रिंटर छापतो, आणि चांगल्या वर्कशॉपचा प्रिंट असेल तर कागदाच्या कोपऱ्यात प्रिंटरचा रंगहीन उठावाचा शिक्का असतो, चॉप मार्क म्हणतात त्याला. तो शिक्का मला सर्टिफिकेटपेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो. सर्टिफिकेट काय, ते विक्रेत्यानेच छापलेलं असतं. आणि नुसत्या सहीवर जाऊ नका, पिकासोची व्होलार्ड सूट म्हणून १०० एचिंगची मालिका आहे, १९३० ते ३७ मधली, त्यातल्या कित्येक प्लेटांवर ग्रीक मडक्यासारखी निव्वळ रेघ आहे. ती मालिका काढून घेणारा डीलर व्होलार्ड १९३९ मध्ये अपघातात गेला, सगळा साठा दुसऱ्या डीलरकडे गेला, सह्या नंतर हळूहळू झाल्या, त्यामुळे सही असलेले आणि नसलेले दोन्ही अस्सल आहेत आणि किमतीत मात्र मोठा फरक. जिथे असा फरक तिथे खोट्या सह्या आल्याच.

कुणाचं काम बघावं, तर आधी मारियन मग्वायर, न्यूझीलंडची. लिथोग्राफ आणि एचिंग करते. तिने ग्रीक मडक्यांची भाषा घेऊन आपल्या देशाचा इतिहास मांडलाय, २००५ च्या मालिकेत कॅप्टन कुकचा प्रवास ओडिसी ह्या ग्रीक महाकाव्यासारखा, आणि २००८ च्या मालिकेत हेराक्लिस चक्क वसाहतवाला शेतकरी होऊन न्यूझीलंडमध्ये जंगल तोडतो, शेती करतो. पराक्रमी हिरो म्हणून गेलेला माणूस तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या जमिनीत नेमकं काय करतोय हा प्रश्न ती ब्लॅक-फिगरच्या त्या गंभीर चेहऱ्यांकडून विचारून घेते. "मडक्यावरून प्रेरणा" म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर, विकत घ्यायचं नसलं तरी, तिचं काम बघाच. दुसरे अलेकोस फासियानोस, अथेन्सचे, १९३५ ते २०२२. पॅरिसला जाऊन लिथोग्राफी शिकले. बाजूने दिसणारे सपाट चेहरे, वाऱ्यावर उडणारे केस, सायकलवरचे पुरुष, पण मडक्याशी नातं लगेच कळतं. त्यांचे प्रिंट बाजारात पुष्कळ फिरतात, त्यामुळे थोडं थांबून निवडता येतं. तिसरा क्लिऑन पीटरसन, अमेरिकेतला, सिल्कस्क्रीन करतो, काळ्या-पांढऱ्या सपाट आकृत्या एकमेकांना बडवतायत. मला घरात लावायला जड जातो पण त्याचा काळा रंग बघण्यासारखा आहे.

एक सावधगिरी, "अठराव्या शतकातले ओरिजिनल ग्रीक वाझ प्रिंट" म्हणूनही काही दिसेल. नेपल्सचा ब्रिटिश राजदूत विल्यम हॅमिल्टन ह्याने मडकी जमवली, ती ब्रिटिश म्युझियमने १७७२ मध्ये घेतली, आणि त्या मडक्यांवर काळ्या-नारिंगी रंगातली मोठी पुस्तकं १७६६ पासून निघाली. त्या पुस्तकांची पानं सुटी करून विकतात, ती खरी असतात. पण त्याच पानांच्या विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या नकला जास्त असतात, तिथे परत भिंग काढायचं, ठिपक्यांची फुलं दिसली की विषय संपला. हॅमिल्टनच्या दुसऱ्या संग्रहाचा काही भाग इंग्लंडला नेताना जहाज १७९८ मध्ये सिली बेटांपाशी बुडालं, हे उगाच सांगतो, मला फार हळहळ वाटते त्याची.

किंमत वाढेल का. कलाकार कोण, म्युझियमनी त्याचं काम घेतलंय का, लिलावात त्याचे प्रिंट आधी विकले गेलेत का, ह्यावर सगळं आहे, आणि नाव न ऐकलेल्या कलाकाराचा २५० चा एडिशन असेल तर माझं उत्तर नाही असं आहे. भारतात ह्या विषयाला गिऱ्हाईक जवळपास नाही. विकायला काढलात तर परत युरोपात पाठवायचा, जाता-येता शिपिंग, लिलाववाल्याचं कमिशन, वर तो विकला जाईपर्यंत वाट. मी आजवर २ विकलेत, एकात थोडे मिळाले, एकात गेले. पैसे वाढवायचे असतील तर एफडी करा, खरंच. एक फायदा मात्र आहे जो कुणी बोलत नाही: खऱ्या मडक्यांच्या व्यवहारात चोरीच्या मालाची भीती असते. मेटने १९७२ मध्ये १० लाख डॉलरला घेतलेलं, अथेन्सच्या युफ्रोनियस ह्या चित्रकाराचं मोठं मडकं इटलीतून बेकायदा खणून आणलेलं होतं, ते २००८ मध्ये परत द्यावं लागलं. हयात कलाकाराचा प्रिंट घेतला तर पैसे सरळ कलाकाराला आणि झोप शांत.

कस्टम्सचं एक लक्षात ठेवा, इथे सगळ्यांचं चुकतं. कस्टम्सच्या वर्गवारीत ९७०२ हे शीर्षक अस्सल एनग्रेव्हिंग, प्रिंट, लिथोग्राफ ह्यांचं, पण अट अशी की प्लेट पूर्णपणे कलाकाराने हाताने केलेली पाहिजे, यांत्रिक किंवा फोटोयांत्रिक पद्धत चालत नाही. म्हणजे इंकजेट त्यात बसत नाही, तो साध्या छापील चित्रात जातो. दर बदलत असतात, त्या वेळचे बघून घ्या, पण विक्रेत्याला सांगा की बिलावर तंत्र, एडिशन नंबर आणि कलाकाराचं नाव स्पष्ट लिही. आणि गंमत बघा, विक्रेता बिलावर "हाताने केलेला अस्सल लिनोकट" लिहायला का-कू करायला लागला की तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

घेतलात तर सांभाळणं. नाशिक मुंबईपेक्षा बरं, पण पावसाळा तो पावसाळाच. बाथरूमला लागून असलेली भिंत नको, बाहेरची भिंत नको, ऊन नको. काच प्रिंटला चिकटता कामा नये, मधे ॲसिड-फ्री माउंट (ॲसिड नसलेल्या पुठ्ठ्याची चौकट) हवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत तपकिरी ठिपके येतात आणि मागून कसर लागते. आणि फ्रेमवाल्याच्या डोक्यावर उभं राहा. माझा एक दोन रंगांचा लिनो, हाताने फाडल्यासारखी कड असलेला सुंदर कागद, मी दुकानात ठेवून चहाला गेलो. परत आलो तर त्याने तयार फ्रेममध्ये बसावा म्हणून चारी बाजूंनी दीड-दीड इंच कापला होता, कोपऱ्यातल्या चॉप मार्कसकट, आणि पांढऱ्या गोंदाने पुठ्ठ्याला सपाट चिकटवलाही होता. "साहेब आता कधी वाकडा होणार नाही," असं वर. शिव्या तरी कुणाला देणार, मी सांगितलंच नव्हतं. प्रिंट वरच्या दोन कोपऱ्यांना जपानी कागदाच्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीने टांगायचा असतो, बाकी मोकळा, कागदाला श्वास घ्यायला जागा पाहिजे.

तर तुमच्यापुरतं असं करा. आज विक्रेत्याला मेल टाका: तंत्र नेमकं काय, प्लेट कुणी केली आणि छापलं कुणी, सगळे आकार आणि रंग धरून एकूण प्रती किती. लिनो किंवा सिल्कस्क्रीन निघाला, प्रती खरंच २५० आणि चित्र तुम्हाला रोज बघावंसं वाटतंय, तर थोडी घासाघीस करून घ्या. इंकजेट निघाला तर दोन-तीन हजारांवर नको. आणि काळ्या रंगाच्या काठाचा जवळून काढलेला एक फोटो आणि पूर्ण कागदाचा एक, काठ न कापता, असे दोन मागवून इथे टाका, मी बघून सांगतो. पूर्ण फोटोत भाल्यांची टोकं दिसली पाहिजेत, ती कुठे जातायत ते मला बघायचंय.